एकाच क्लायंटकडे किती काळ राहावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सॉफ्टवेअर क्षेत्रात स्वतंत्र कॉन्ट्रॅक्टर म्हणून काम, साडेतीन वर्षं एकच क्लायंट. दर सहा महिन्यांनी करार वाढतो. रेट आजवर एकदाच वाढला. माणसं चांगली आहेत, काम अंगवळणी पडलंय. ओळखीचे लोक सांगतात की दोन वर्षांच्या वर कुठे थांबायचं नाही. मग किती काळ राहणं योग्य, आणि निघायची वेळ झाली हे ओळखायचं कसं?

दोन वर्षांचा तो नियम आधी बाजूला ठेवू. तो सरसकट सगळ्यांना लागू पडावा असं त्यात काही नाही. कुठल्यातरी कंपनीचं धोरण किंवा कुठल्यातरी देशातली कराची तरतूद कानोकानी फिरत सल्ला बनून आलेली असते. मी या व्यवसायात बरीच वर्षं काढली आहेत. आठ महिन्यांत निघायला हवं होतं असे लोक पाहिले आणि सहा वर्षं एकाच ठिकाणी राहून दरवर्षी वरच चढत गेलेले लोकही पाहिले. महिने मोजून यातलं काहीच कळत नाही.

मी मोजते ते वेगळं. रिन्यूअल समोर आलं की स्वतःला एकच विचारायचं: या मुदतीत मी असं काय केलं, जे आधीच्या मुदतीत केलं नव्हतं? नवीन जबाबदारी, नवीन अडचण सोडवली, नवीन तंत्र हाताळलं, कंपनीच्या एखाद्या निर्णयात माझं मत मोजलं गेलं, यातलं काहीही चालेल. एखाद्या मुदतीचं उत्तर कोरं आलं तर हरकत नाही, सगळ्याच कामांत संथ काळ येतो. सलग दोन मुदतींचं उत्तर कोरं आलं, तर बाहेर पडायची तयारी सुरू करायची. राजीनामा द्या असं मी म्हणत नाही, तयारी म्हणते.

हा निकष मी का धरते ते सांगते. क्लायंट कॉन्ट्रॅक्टरला जास्त पैसे देतो ते त्याच्याकडे नसलेली गोष्ट मिळावी म्हणून. ती गोष्ट त्याला मिळाली, बसवून झाली, चालू लागली की तुमचं काम बदलतं. अडचण सोडवायला आलेला माणूस व्यवस्था चालवायला लागतो. व्यवस्था चालवणं कमी दर्जाचं काम अजिबात नाही, पण ते काम नोकरीतला माणूस स्वस्तात आणि जास्त स्थैर्याने करू शकतो. आज ना उद्या क्लायंटकडचं कुणीतरी बजेट बघताना हे ओळखतं. तो हिशेब त्यांनी करण्याआधी आपण केलेला बरा.

आता उलट बाजू, कारण फार लवकर निघण्याचं नुकसान लोक नीट मोजत नाहीत. माझ्या मते कुठल्याही मध्यम किंवा मोठ्या कामावर किमान एक पूर्ण चक्र राहावं. चक्र म्हणजे क्लायंटच्या धंद्याचं चक्र: वर्षअखेर, ऑडिट, गर्दीचा हंगाम, बजेटचा काळ, जे काही त्या धंद्यात वर्षातून एकदा येतं ते. डेटाबेसची रचना तुम्ही तिसऱ्या महिन्यात ठरवता आणि ती चुकली की बरोबर ठरली हे वर्षअखेरीच्या भाराखाली कळतं. दर पाच महिन्यांनी काम बदलणाऱ्याला आपल्या निर्णयांचे परिणाम कधी दिसतच नाहीत. त्याच्याकडे दहा ठिकाणचा अनुभव असतो, पण तो दहा वेळा पहिल्या पाच महिन्यांचाच असतो. मुलाखतीत चार नेमके प्रश्न विचारले की हे लगेच उघडं पडतं: 'मग ते पुढे कसं चाललं?' याला उत्तर नसतं.

पैशाचाही हिशेब मांडू. दोन कामांच्या मधे सरासरी चार आठवडे रिकामे जातात असं धरा. तीन-तीन महिन्यांची कामं घेतली, तर 17 आठवड्यांतले 13 कमाईचे, म्हणजे साधारण 76 टक्के. एक वर्षाचं काम असेल तर 56 पैकी 52, म्हणजे 93 टक्के. तेवढीच वार्षिक कमाई व्हायची तर तीन महिन्यांच्या कामाचा रेट सुमारे 21 टक्के जास्त हवा. इथवर दीर्घ कामाच्या बाजूने हिशेब पक्का आहे. पण पुढे बघा. तेच काम तीन वर्षं चाललं, तर 160 पैकी 156 आठवडे कमाईचे, म्हणजे साडेसत्त्याण्णव टक्के. एका वर्षावरून तीन वर्षांवर गेल्याने मिळालेला फायदा जेमतेम पाच टक्क्यांचा. पहिल्या वर्षानंतर 'मधे गॅप पडेल' ही भीती मनाला कितीही मोठी वाटली तरी कागदावर फार लहान असते. नवीन ठिकाणी पाच टक्क्यांहून जास्त रेट मिळत असेल, तर वर्षातून एकदा काम बदलूनही तुम्ही मागे पडत नाही.

मी चार आठवडे धरले, तुमच्या क्षेत्रात दहा लागत असतील. तुमचे आकडे घालून हाच हिशेब करा. उत्तर बदलेल, पण एक गोष्ट तशीच राहील: थांबण्याचा आर्थिक फायदा सुरुवातीला भरपूर असतो आणि नंतर झपाट्याने घटतो.

गोठलेल्या रेटचं नुकसान मात्र दरवर्षी वाढत जातं. महागाई वर्षाला पाच टक्के धरली तर तीन वर्षांपूर्वी ठरलेल्या 100 ची आजची किंमत 86 राहते. तुम्ही क्लायंटला दर महिन्याला सूट देत आहात आणि दोघांच्याही ते लक्षात नाही. जुन्या क्लायंटकडे रेट वाढवणं अवघड असतं, कारण त्यांच्या मनात तुमची किंमत पहिल्या दिवशी पक्की झालेली असते. तेव्हा तुम्ही जे होता त्याचा तो रेट होता. नव्या क्लायंटशी बोलणी सुरू होतात ती आजच्या तुमच्यापासून.

कायद्याच्या बाजूबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण 'दोन वर्षं' हा आकडा बहुधा तिथूनच येतो. ब्रिटनमध्ये कामाच्या ठिकाणी जाण्यायेण्याच्या खर्चावर करसवलत मिळते ती ठिकाण तात्पुरतं असेल तरच. तिथे 40 टक्के किंवा त्याहून जास्त कामाचा वेळ जात असेल आणि काम 24 महिन्यांहून जास्त चालणार असेल, तर ते ठिकाण तात्पुरतं मानत नाहीत. यातली खोच अशी की 24 महिने उलटायची वाट बघावी लागत नाही. काम त्यापुढे जाणार हे ज्या दिवशी कळतं, त्या दिवसापासून सवलत थांबते. अठराव्या महिन्यात एका वर्षाच्या मुदतवाढीवर सही केली, तर परिणाम सहीपासूनच. हा नियम प्रवासखर्चाचा आहे. कॉन्ट्रॅक्टर खरोखर स्वतंत्र आहे की नावापुरता, हे ठरवणाऱ्या तिथल्या आयआर35 नियमांत, जे 2000 सालापासून लागू आहेत, ठराविक महिन्यांची मर्यादा नाही. तिथे मुख्यतः बघतात ते असं: कामावर नियंत्रण कुणाचं, तुमच्या जागी तुम्ही दुसरा माणूस पाठवू शकता का, आणि काम देणं व घेणं दोघांवर बंधनकारक आहे का.

जर्मनीत एजन्सीमार्फत पाठवलेल्या कामगाराला एकाच कंपनीकडे सलग ठेवण्याची सर्वसाधारण कमाल मुदत 2017 पासून 18 महिने आहे. स्पेनने 2007 च्या कायद्यात मोजमाप महिन्यांचं ठेवलंच नाही. तिथे स्वतंत्र व्यावसायिकाचं किमान 75 टक्के उत्पन्न एकाच क्लायंटकडून येत असेल, तर इतर अटी पूर्ण झाल्यावर तो आर्थिकदृष्ट्या अवलंबून असलेला मानला जातो आणि त्याला काही संरक्षणं मिळतात. मला ही पद्धत जास्त पटते, कारण ती मूळ गोष्टीवर बोट ठेवते.

मोठ्या कंपन्या मुदतीबाबत एवढ्या काटेकोर का असतात हे कळायला मायक्रोसॉफ्टचं प्रकरण माहीत असावं. तिथे वर्षानुवर्षं काम केलेल्या कॉन्ट्रॅक्टर लोकांनी 1990 च्या दशकात दावा केला की आम्ही प्रत्यक्षात कर्मचारीच होतो, मग कर्मचाऱ्यांचे लाभ आम्हालाही हवेत. 2000 साली ते प्रकरण 9 कोटी 70 लाख डॉलरवर मिटलं. पुढे 2014 मध्ये कंपनीने बाहेरून आलेल्या अशा कामगारांसाठी 18 महिन्यांची मर्यादा आणि त्यानंतर सहा महिन्यांचा खंड असं धोरण आणलं. 'आमच्याकडे 18 महिन्यांनंतर ब्रेक घ्यावा लागतो' असं एखादा क्लायंट म्हणतो तेव्हा त्यामागे या जातीची भीती असते. तुमच्या कामाबद्दलचं ते मत नसतं, मनाला लावून घेऊ नका.

तुमच्या देशातला, तुमच्या कराराच्या प्रकारातला नियम काय आहे ते कर सल्लागाराला एकदा विचारून घ्या. पण मुदतीचा आकडा कुठेही असो वा नसो, बहुतेक ठिकाणी खरी तपासणी वागण्याची होते. तुमची रजा क्लायंटचा मॅनेजर मंजूर करतो का? कंपनीच्या आतल्या कामगिरीच्या मूल्यमापनात तुमचं नाव येतं का? करारात नसलेली कामं 'जरा बघून घे' म्हणून तुमच्याकडे येतात का? साडेतीन वर्षांत या गोष्टी हळूहळू आत शिरतात आणि कुणालाच खटकत नाहीत, तुम्हालाही नाही. म्हणून दीर्घ काळ राहणाऱ्याने प्रत्येक रिन्यूअलला कामाची व्याप्ती नव्याने लिहून घ्यावी. जुन्या कागदावर तारीख बदलून सही करण्याची सवय सर्वांत आधी मोडा.

आता ज्या गोष्टीबद्दल मला मनापासून कळकळ वाटते त्याकडे येते: 'मी गेलो तर यांचं अडेल' ही भावना. बरेच लोक हिला सुरक्षितता समजतात. एक उदाहरण जवळून बघू. महिन्याच्या पहिल्या तारखेला रात्री हिशेब जुळवणारा एक जॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारा प्रोग्राम, चालतो. त्याला बाहेरून दोन फाइल्स येतात. दुसरी फाइल अर्धवट आली तर जॉब बंद पडत नाही, चुकीच्या आकड्यांसकट 'सगळं ठीक' अशा हिरव्या खुणेने पूर्ण होतो. हे फक्त कॉन्ट्रॅक्टरला माहीत आहे. दोन तारखेला सकाळी तो ओळींची संख्या मागच्या महिन्याशी ताडून बघतो, फरक मोठा दिसला तर फाइल परत मागवतो आणि जॉब दुसऱ्या टप्प्यापासून पुन्हा चालवतो. पहिल्यापासून चालवला तर नोंदी दुप्पट होतात, हेही त्यालाच माहीत. हे कुठेच लिहिलेलं नाही. वर्षानुवर्षं तो एक तारखेच्या आसपास सुट्टी घेत नाही.

या माणसाची नोकरी पक्की आहे असं वाटतं. प्रत्यक्षात क्लायंट त्याला नवीन कामावर टाकू शकत नाही, कारण तिथून हलवलं तर जुनं काम अडतं. नवीन प्रोजेक्ट आला की तो दुसऱ्या कुणाला मिळतो. याचा रेट वाढत नाही, कारण वरच्या लोकांना दिसतं ते 'सगळं सुरळीत चाललंय' एवढंच. आणि ज्या दिवशी ती जुनी प्रणाली बदलायचं ठरतं, त्या दिवशी त्याचं सगळं ज्ञान एकदम निरुपयोगी होतं. त्याने तीच तपासणी जॉबमध्ये घातली असती, ओळी कमी आल्या तर जॉब थांबून इशारा जाईल अशी सोय केली असती आणि पुन्हा चालवायची पद्धत एका पानावर लिहून ठेवली असती, तर दोन दिवसांच्या कामात तो मोकळा झाला असता. मोकळ्या माणसालाच पुढचं काम मिळतं, त्याच क्लायंटकडे सुद्धा.

म्हणून थांबायचं असो की निघायचं, दर रिन्यूअलला तुमच्या जागी दुसरा माणूस सहज येऊ शकेल अशी सोय करत राहा. याची चाचणी सोपी आहे. दोन आठवडे रजेवर जा आणि फोन बंद ठेवा. परत आल्यावर तुमच्यासाठी अडून राहिलेल्या गोष्टींची यादी करा. ती यादी म्हणजे पुढच्या मुदतीतलं तुमचं पहिलं काम.

निकष काहीही सांगत असला तरी थांबणंच शहाणपणाचं असतं असे प्रसंग येतात. घरात आजारपण आहे, मूल लहान आहे, बाजार थंड आहे, हाताशी सहा महिन्यांचा खर्च निघेल एवढी शिल्लक नाही. अशा वेळी ओळखीच्या कामावर राहणं हा पूर्ण विचारांती घेतलेला निर्णय असू शकतो, त्यात कमीपणा काही नाही. फक्त तो कशासाठी आणि कधीपर्यंत, हे लिहून ठेवा. एखादं मोठं काम चार महिन्यांत प्रत्यक्ष वापरात जाणार असेल तरही थांबा. शेवटपर्यंत नेलेलं काम पुढच्या दहा वर्षांत तुमच्या बाजूने बोलतं.

आणि मुदतीची वाट न बघता निघायचे प्रसंगही आहेत: इनव्हॉइस वारंवार उशिरा भरली जातात आणि कारणं दर वेळी नवीन, तुमच्या नावावर दुसऱ्याची चूक ढकलली जाते, किंवा जे करायला सांगतात ते तुम्हाला योग्य वाटत नाही. इथे विचार करण्यासारखं फारसं काही नाही. करारातला नोटिशीचा काळ वाचा आणि तारीख ठरवा.

निर्णय कधी घ्यायचा हेही महत्त्वाचं आहे. वाईट आठवड्याच्या शेवटी घेऊ नका आणि रिन्यूअलचा कागद हातात आल्यावरही घेऊ नका. तेव्हा फक्त सही करायची की नाही एवढंच उरतं. करार संपण्याच्या आठ आठवडे आधी कॅलेंडरवर एक दुपार राखून ठेवा. त्या दुपारी गेल्या मुदतीत काय नवीन केलं ते लिहा, बाजारातला आजचा रेट दोन-तीन ठिकाणी विचारून घ्या आणि आपला बायोडेटा अद्ययावत करा. बायोडेटात गेल्या वर्षाची ओळ लिहिताना हात अडला, तर उत्तर तिथेच मिळालं. एरवीही वर्षातून दोन वेळा बाहेरच्या एखाद्या कामासाठी खरीखुरी बोलणी करावीत. मुलाखत देण्याचा सराव तीन वर्षांत पार जातो आणि गरज पडते तेव्हाच तो नसतो.

तुमच्या बाबतीत मी काय करेन ते सांगते. साडेतीन वर्षांत सात मुदती झाल्या. रेट एकदाच वाढला आणि तुम्ही स्वतःच काम अंगवळणी पडल्याचं लिहिलंय. शेवटच्या दोन मुदतींत नवीन काय झालं याबद्दल तुमच्या प्रश्नात एक शब्दही नाही. त्यामुळे माझा कौल निघण्याकडे आहे, पण आधी क्लायंटला एक प्रामाणिक संधी द्यावी. माणसं चांगली आहेत म्हणता, तर त्यांच्याशी उघड बोलता येईल. आहे त्याच अटींवर सहा महिने वाढवू, असा मेल येण्याची वाट न बघता तुम्हीच आधी लिहा. साधारण असं:

'सध्याचा करार दोन महिन्यांत संपतोय, म्हणून आत्ताच लिहीत आहे. मी ज्या कामासाठी आलो होतो ते पूर्ण होऊन स्थिर झालं आहे. पुढच्या मुदतीसाठी मला दोन शक्यता दिसतात. नवीन प्रणालीच्या रचनेची जबाबदारी माझ्याकडे द्यायची असेल, तर तिची व्याप्ती आणि त्यानुसार रेट नव्याने ठरवू. तसं काम नसेल, तर या दोन महिन्यांत सगळं तुमच्या टीमकडे व्यवस्थित सोपवतो. दोन्हीपैकी काय सोयीचं आहे ते पुढच्या आठवड्यात बोलून ठरवू या का?'

यात धमकी नाही, बाहेरच्या ऑफरचा उल्लेख नाही आणि दोन्ही उत्तरं तुम्हाला चालणारी आहेत. पहिला पर्याय खरोखर मिळाला तर राहा, अगदी पाचवं वर्ष लागलं तरी राहा. 'बघू, सध्या आहे तसंच चालू दे' असं उत्तर आलं, तर ते नकारच समजा आणि दुसऱ्या पर्यायाला लागा.

हँडओव्हर शेवटच्या आठवड्यात ढकलू नका. पहिल्या महिन्यात लिहून काढा. दुसऱ्या महिन्यात कामं टीमच्या माणसाला करू द्या आणि तुम्ही शेजारी बसा, कीबोर्डला हात न लावता. तुम्ही लिहायला विसरलेल्या गोष्टी त्याच्या अडखळण्यातून कळतील. तुमच्या वैयक्तिक नावावर चालणारे पासवर्ड, टोकन, शेड्यूल केलेले जॉब यांची यादी करून ती सगळी क्लायंटच्या खात्यांवर हलवा, नाहीतर तुमचा ॲक्सेस बंद झाल्याच्या रात्री काहीतरी बंद पडेल आणि नाव तुमचं येईल. शिफारसपत्र किंवा संदर्भ द्यायला तयार आहेत का, हे शेवटच्या दोन आठवड्यांतच विचारा. तुमचं काम डोळ्यांसमोर असताना लोक नेमकं लिहितात, चार महिन्यांनी विचारलं तर 'मेहनती आणि मनमिळाऊ' एवढंच मिळतं. शेवटची इनव्हॉइस लगेच पाठवा आणि ती मंजूर कोण करणार हे निघण्याआधी नावासकट विचारून घ्या, कारण तुमचा कंपनीचा मेल बंद झाल्यावर पाठपुरावा कुणाकडे करायचा हे शोधत बसावं लागतं.